शेवग्यावरचे सुरवंट आणि घरभर खाज: मदत हवी आहे

धायरीत तळमजल्यावर राहतो. अंगणातल्या शेवग्याचा बुंधा आठवडाभर केसाळ सुरवंटांनी भरलाय. लांबून वाटतं, बुंध्याला कुणी करडी लोकर गुंडाळलीये.

रविवारी मुलगी (वय ६) त्याला टेकली. दहा मिनिटांत मानेवर, दंडावर गांधी. सासूबाई म्हणाल्या, घोंगडी घासा, गावी तेच करतात. फ्लॅटमध्ये घोंगडी कुठून आणू? मग खोबरेल चोळलं आणि आग आणखी वाढली. डॉक्टरांच्या औषधाने दोन दिवसांत उतरलं.

पण आता मला आणि नवऱ्याला उठतंय, आणि आम्ही झाडाला हातही लावलेला नाही! मला तर फक्त कमरेला, जिथे नाडी बसते तिथे. हे कशाने? आणि झाडाचं काय करू? शेंगा खातो, त्यामुळे विषारी फवारणी नको.

प्रतिसाद १: कपडे कुठे वाळत घालता? सुरवंटाचे केस सुटून उडतात, कापडात अडकतात. सुरवंट मेला तरी केसांची खाज जात नाही, कोषातही ते असतात. पुढच्या वेळी चोळू नका, केस आत रुततात. आधी चिकटपट्टी लावून ओढायची, मग साबण आणि वाहतं पाणी, मग बर्फ. डोळ्यात गेलं तर मात्र घरी काही करत बसू नका, थेट डोळ्यांचे डॉक्टर.

प्रतिसाद २: दिवसा ते बुंध्यावर गोळा होतात, तेव्हाच साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा घाला. वाऱ्याकडे पाठ करून. कोरड्या खराट्याने झाडू नका, केस सगळीकडे उडतील (आम्ही हा पराक्रम केलाय).

धागाकर्ती: दोरी बरोब्बर शेवग्याखाली आहे! आत्ता सलवारीच्या नेफ्यावर चिकटपट्टी दाबून ट्यूबलाइटसमोर धरली. बारीक, पिवळसर केस, मोजून अकरा. कपडे धुतले होते हो, पण वाळत पुन्हा तिथेच घातले होते. दोरी आजच मागच्या बाजूला नेते. टॉवेल, चादरी पण परत धुवायला काढल्यात. फवारा उद्या सकाळी, मुलगी शाळेत गेली की. एकच राहिलं: खाली पडलेले सुरवंट कशाने गोळा करू?

प्रतिसाद २: ओले असतानाच सुपलीने जुन्या बादलीत, साबणाच्या पाण्यात. वाळू देऊ नका.