अनुभव धागा: पगाराची तारीख नसलेलं घर

अकरा वर्षं एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी केली. २०२२ च्या फेब्रुवारीत नोकरी सोडली आणि तेच काम फोंड्यात घराच्या मागच्या खोलीत सुरू केलं. दिवाळी अंक, देवस्थानांच्या स्मरणिका, कवितासंग्रह. कामाची भीती नव्हती, हात बसलेला होता. जड गेलं ते पैसे मागणं.

नोकरीत पगार आपोआप खात्यात यायचा. इथे एका स्मरणिकेचं काम वेळेत दिलं, सोहळा पार पडला, अंक वाटले गेले आणि माझे अठरा हजार राहून गेले. फोन करायला मोबाईल हातात घ्यायचा आणि तसाच खाली ठेवायचा, असं कितीदा झालं. माणसं ओळखीची, देवळात भेटणारी. विषय काढला तर त्यांना काय वाटेल, हाच घोर. सहा महिन्यांनी पैसे आले. पण त्या सहा महिन्यांत मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते, हे नवऱ्याने मला नंतर सांगितलं.

दर किती लावावा, कामं कुठून मिळवावीत, यावर पुष्कळ बोललं जातं. घरात आणि मनात काय बदलतं, ते सहसा कुणी सांगत नाही. गोव्यात राहून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं. ज्यांनी परत नोकरी धरली त्यांनी तर नक्की लिहावं.

डिचोली, लग्नांची फोटोग्राफी

आमचं वर्ष तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि मे संपला की संपतं. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, बाहेरून गोव्यात लग्न करायला येणारेही पावसात कमीच. म्हणजे कमाई सात महिने, खाणं बारा महिने. २०१९ ला मी दुकानातली नोकरी सोडली तेव्हा हे गणित तोंडपाठ होतं, तरी पहिल्या वर्षी चुकलोच. एप्रिल-मेमध्ये खात्यात रक्कम दिसली आणि नवीन लेन्स घेतली. चवथ आली तेव्हा माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायला भावाकडून पैसे घेतले. भावाने चकार शब्द काढला नाही, पण बाजारातून घरी येईपर्यंत माझं मन लागलं नाही.

आता हंगामात येणारा प्रत्येक पैसा एका वेगळ्या खात्यात जातो आणि तिथून एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात येते. जूनमध्येही तेवढीच, डिसेंबरमध्येही तेवढीच. डिसेंबरमध्ये जास्त काढायचा मोह होतो, तो आवरणं हेच या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम.

पावसाचा दुसरा त्रास दमटपणाचा. त्याच नव्या लेन्सला दुसऱ्या पावसात बुरशी धरली. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, उजेडासमोर तिरकी धरली तरच दिसणारे. साफ करून घेतली, पण पूर्वीसारखी राहिली नाही. त्यानंतर आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवणारी पेटी घेतली. असले खर्च नोकरीत मालकाचे असतात, इथे आपले.

आणि आजारपण. एका लग्नाला अंगात १०२ ताप होता. मुहूर्त थांबत नाही, नवरीच्या घरचे थांबत नाहीत. चौदा तास उभा राहिलो आणि घरी येऊन चार दिवस झोपून काढले. त्यानंतर डिचोली-साखळीकडच्या आम्ही तिघांनी ठरवलं की एक आडवा झाला तर दुसऱ्याने जायचं आणि पैसे जो उभा राहिला त्याचे. आजवर पाच वेळा हे कामी आलं. त्या दोघांना लोक माझे स्पर्धक म्हणतात. मला ते घरच्यांसारखे आहेत.

साखळी, सॉफ्टवेअर

२०२१ ला बंगळूरहून घरी परत आलो. ग्राहक न्यूयॉर्कचा. त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे माझी खरी कचेरी संध्याकाळी सातनंतर भरते. सकाळी मी व्हरांड्यात दिसलो की शेजारचे काका विचारायचे, ‘हालीं कामाक वचना रे?’ म्हणजे हल्ली कामाला जात नाहीस का? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रोज ऐकून माझं मलाच वाटायला लागलं की आपण काही करत नाही.

घरचेही तसेच. गॅस आणणं, बँकेत जाणं, आजीला डॉक्टरकडे नेणं, सगळं माझ्याकडे, कारण मी ‘घरीच’. पहिलं वर्ष नाही म्हणालो नाही. रात्री एकपर्यंत काम आणि सकाळी आठला बाजार. शेवटी एकदा बाबांना रात्री शेजारी बसवलं आणि दोन तासांची मीटिंग ऐकवली. त्यांना इंग्रजी फारसं कळलं नाही, पण मी किती बोलतो आणि मला किती प्रश्न विचारतात, ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अकरापर्यंत माझ्या खोलीचं दार कुणी वाजवत नाही.

जुलैत फांदी पडून केबल तुटली की दोन दिवस गेलेच समजा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाईन, इन्व्हर्टर आणि पर्वरीला चुलतभावाकडे एक टेबल, एवढी तयारी लागते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसं. एका पावसाळ्यात लक्षात आलं की घरचे सोडून कुणाशी समोरासमोर बोलून तीन आठवडे झाले. आता दर बुधवारी कदंबा बसने पणजीला जातो. आम्ही चौघं वेगवेगळ्या कामांचे, एका टेबलावर बसतो आणि दुपारी एकत्र जेवतो. त्या दिवशी काम कमी होतं. बाकीचे दिवस त्यावर निघतात.

मडगाव, अंतर्गत सजावट

फोंड्याच्या ताई, तुमचे अठरा हजार वाचून राहवलं नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅन लागतं, ऑनलाईन होते, एक पैसा लागत नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी हे बिलाच्या तळाला दोन ओळींत छापते. व्याज आजवर कुणाकडून घेतलं नाही. पण आठवण करून देताना आता आवाज कापत नाही, कारण मुदत मी ठरवलेली नाही. आणि निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय रेखाचित्राला हात लावायचा नाही, ओळखीच्यांकडे तर मुळीच नाही.

वास्को, भाषांतर (आता पुन्हा नोकरी)

मी दीड वर्षाने परतले. कामं होती, पैसेही बरे होते. पण कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला आणि स्वतःचा घ्यायला गेले तेव्हा आधीच्या दुखण्यासाठी तीन वर्षं थांबा, असं उत्तर मिळालं. त्याच वर्षी ऑपरेशन करावं लागलं. साठवलेलं सगळं त्यात गेलं. नंतर कळलं की सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाता येतं आणि आधीची वर्षं धरली जातात, मात्र ते नोकरी सुटतानाच विचारायचं असतं. मला कुणी सांगितलं नाही. राजीनामा द्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी हे आधी विचारायला लावते.

परत नोकरीत आले तेव्हा दोन दिवस रडले. पण भाषांतराची सवय मोडली नाही. रविवारी सकाळी दोन पानं करते, मनासारखी. अजून तीन वर्षं पैसे साठवून पुन्हा बाहेर पडायचं ठरवलं आहे.

म्हापसा, शिक्षिका

फ्रीलान्सर मी नाही, माझे यजमान आहेत. जाहिरातींसाठी ॲनिमेशन करतात. चार वर्षं घरातला ठरलेला पगार माझा एकटीचा आहे, म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. कुठलं बिल अडकलं, कुणी काम काढून घेतलं, सगळं मनात. मला काळजी वाटू नये म्हणून. पण जेवताना घास तोंडात घेऊन गप्प बसलेला माणूस दिसतोच ना! मी विचारलं की ‘काही नाही’.

मग पहिलं आयकर विवरणपत्र भरायची वेळ आली. आमचं लग्न गोव्याच्या नागरी कायद्याखाली, वेगळा करार न करता झालेलं. अशा नवरा-बायकोचं पगाराशिवायचं उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे निम्मं-निम्मं धरलं जातं. ते नोकरीत होते तेव्हा दोघांचे पगार वेगवेगळे राहिले. आता त्यांच्या व्यवसायाच्या नफ्याचा अर्धा भाग माझ्या विवरणपत्रात आला. हिशेबनीसांनी कागद समोर ठेवला आणि मला पहिल्यांदा वर्षभराचे आकडे दिसले. कुठल्या महिन्यात नव्वद हजार, कुठल्या दोन महिन्यांत शून्य. त्या शून्याच्या महिन्यांतच मी त्यांना म्हटलं होतं की हल्ली तुमचं घरात लक्ष नाही. हिशेबनीसांच्या समोरच मला भरून आलं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुलगी झोपली की आम्ही दोघं वही घेऊन बसतो. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर येणं आणि किती दिवस झाले. शून्य असेल तर शून्य लिहायचं आणि ते दोघांनी बघायचं. गेल्या रविवारी उजव्या पानावर तीन नावं होती, त्यातलं एक ८२ दिवसांचं. मडगावच्या ताईंनी लिहिलेलं मी यजमानांना वाचून दाखवलं. नोंदणी आमची होतीच, ती यासाठी उपयोगी पडते हे माहीत नव्हतं. त्या ८२ दिवसांच्या बिलासाठी पत्र मी लिहिलं, शाळेत लिहिते तसं, सरळ. त्यांनी दोनदा वाचलं, एक विशेषण खोडलं आणि सही केली. सोमवारी शाळेला जाताना मीच ते पोस्टात टाकलं.