पहिलं प्रूफ यंत्राकडे गेलं. मुद्रितशोधकाच्या हाती उरलं काय?

कानामात्रा, धुळे
हल्ली फाइलसोबत निरोप येतो : ‘मजकूर एआयमधून काढलाय, शुद्धलेखन झालंच आहे, तुम्ही फक्त नजर फिरवा.’ आणि दर निम्मा. माझ्या मते काम निम्मं झालेलं नाही, अवघड झालंय. गचाळ मजकुरात चूक स्वतःहून डोळ्यांवर यायची. आता वाक्य गुळगुळीत आणि चूक आत दडलेली.

नमुना बघा, केळीची पुस्तिका : ‘५ बाय ५ फुटांवर लागवड केल्यास एकरी ४,४४४ रोपे बसतात.’ ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. पण ४,४४४ हा दीड मीटर अंतराचा हेक्टरी आकडा. एकराचे ४३,५६० चौरस फूट, भागिले २५, म्हणजे १,७४२. हे वाचून कोणी रावेरला रोपं बुक केली तर अडीचपट पैसे अडकले.

पानलावू, भुसावळ
ताई, आकडे तपासणं लेखकाचं काम. त्याचे पैसे मुद्रितशोधकाला कधी मिळत होते? पहिलं प्रूफ म्हणजे फूल-फुलाला, वीट-विटेला असे ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार, दोनदा पडलेले शब्द. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे शुद्धलेखनाचे १८ नियम; त्यातले बरेच यंत्र सांभाळतं. ३०० पानांच्या प्रबंधात तिसऱ्या दिवशी माणसाचा डोळा थकतो, यंत्राचा नाही. जुना दर मागणं म्हणजे मोटार बसवल्यावर मोटेची मजुरी मागणं.

दीर्घवेलांटी, जळगाव
विहिरीत पाणी नसलं तरी मोटार चालूच राहते, भाऊ, आणि जळते.

शुद्धलेखनापुरतंच बोलू. शिर आणि शीर, सुत आणि सूत, दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून साधा स्पेलचेकर दोन्ही सोडून देतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला की सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या होतो. तोही शब्द बरोबरच! आचाऱ्यांचे आचार्य होतात ते वेगळंच.

त्यात अहिराणी. ‘कथा जाई राहिना?’ इथे कथा म्हणजे कुठे. ‘भाषा सुधार’ असं सांगितलं की यंत्र गोष्ट सांगायला बसतं. बोलीतले संवाद असतील तर आधी शैलीपत्रक करावं : शब्द, अर्थ, पुढे ‘हात लावू नये’. वीस-पंचवीस शब्दांनी बरंच भागतं. फाइल यंत्रात त्यानंतर.

पानलावू, भुसावळ
बोलीचं मान्य. पण अशी पानं वर्षाला किती येतात? पोट चालतं ते अहवाल, पत्रिका, जाहिरातींवर.

कानामात्रा, धुळे
म्हणूनच पानावर दर नको. फाइल आली की मधली १० पानं घ्या (पहिली पानं सगळेच नीट करतात), घड्याळ लावून तपासा आणि त्या वेळेवरून दर सांगा. बिलात दोन ओळी : शुद्धलेखन वेगळं, पडताळणी वेगळी. पडताळणीत आकडे, गावांची-माणसांची नावं आणि संदर्भसूची. सूचीत तर खऱ्या लेखकाच्या नावावर कधीच न निघालेलं पुस्तक यंत्र बिनदिक्कत ठोकून देतं.

आणि मूळ मजकूर मागून घ्या. तो नसेल तर यंत्रानं काय बदललं ते एक वेळ ताडता येईल, काय गाळलं ते कळायला मार्गच नाही.

अनुस्वार, शहादा
दराचं तुम्ही जुने लोक निभावून न्याल. नवख्यांचं काय? पहिलं प्रूफ हीच त्यांची शाळा होती. सूचनेवर ‘स्वीकारा’ दाबत बसणाऱ्याला ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविमन’ ऱ्हस्व का, हे कधी कळणार? निदान रोज ५ पानं यंत्र बंद ठेवून तपासावीत, मग तीच यंत्राला देऊन दोन्ही ताडावीत. त्याला सापडलेलं आपल्याकडून का सुटलं, आपल्याला दिसलेलं त्याला का नाही, हे वहीत लिहावं.

पानलावू, भुसावळ
आणि त्या ५ पानांचे पैसे कोण देईल, भो?