आधी बोलली, मग एकटी गायली

वर एकाने लिहिलंय की लिटल मिक्स या ब्रिटिश मुलींच्या गायनगटातल्या ली-ॲन पिनॉकने वर्णभेदावर बोलणं ही सोलो गाण्यांची जाहिरात होती. तारखा पाहा ना भाऊ. बीबीसीवरचा तिचा माहितीपट मे २०२१ चा, तेव्हा ती गटातच होती. गट थांबला २०२२ मध्ये अन् तिचं पहिलं सोलो गाणं आलं जून २०२३ ला. दोन वर्षं आधी कोण जाहिरात करतं? गटातली एकटी कृष्णवर्णीय मुलगी, त्याच मंचावर उभी राहूनही आपण कोणाला दिसतच नाही असं वाटायचं, हे ती २०२० पासून सांगत होती.

आणि ‘गाणाऱ्याने फक्त गावं’ हे निदान आमच्या अमरावतीकडे कोणी म्हणू नये. तुकडोजी महाराजांची खंजिरी १९४२ मध्ये चिमूरच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावापर्यंत पोचली, इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. आमच्या भजनी मंडळात आजही पावसाळ्यात खंजिरीचं कातडं ढिलं पडलं की चुलीपाशी शेकून घेतात, आणि तेवढ्यात गोष्टी निघतात त्या कापसाच्या भावाच्याच.

बाकी तिची सोलो गाणी मले जरा फिकीच वाटली, ते वेगळं.