आधी पोट तपासा, मग वजन सांगा

धरमपेठची_धाकटी : माझ्या ताईला दीड वर्ष पाळीत भयंकर रक्तस्राव. नागपुरातले ३ दवाखाने केले. प्रत्येक ठिकाणी आधी काट्यावर उभं करायचं आणि मग एकच वाक्य, "१० किलो कमी करा." पोटाला कुणी हात लावला नाही. चौथ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करवली. गर्भाशयात गाठी, हिमोग्लोबिन ७! भाऊजी ताईपेक्षा जाड आहेत. त्यांचं पोट दुखलं तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्या तपासण्या झाल्या. पुरुष जाड असला की खात्यापित्या घरचा, बाई जाड असली की आळशी. याची चीड येते मला.

मेडिकल_चौक_डॉक्टर : ताईंच्या बाबतीत चूक झाली, मान्य. पण म्हणून वजनाबद्दल बोलायचंच नाही का? आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो, चरबी पोटात साठते. जागतिक आरोग्य संघटना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ पासून जास्त वजन धरते, आपल्याकडे २३ पासून. मी गप्प बसलो तर तोही हलगर्जीपणाच.

महालकर : मुळात तो आकडा आला कुठून? १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञानं 'सरासरी माणूस' शोधायला ते सूत्र काढलं. रोगी तपासायला नव्हे. पुढे कमी वजन, जास्त वजन अशा पट्ट्याही मुख्यतः गोऱ्या लोकांच्या मापांवरून ठरल्या. हा आकडा वंशभेदासाठी वापरला गेला, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०२३ मध्ये स्वतः मान्य केलं.

फुटाळा_काका : अमेरिकेतलं गोरं-काळं इथे कशाला आणता बाप्पा? मी रोज पहाटे फुटाळा तलावावर चालतो. १२ किलो उतरलं, शुगर खाली आली. डॉक्टर टोचून बोलले म्हणूनच झालं ते.

धरमपेठची_धाकटी : काका, तुमचं उतरलं, खरंच बरं वाटलं. पण ७ हिमोग्लोबिनवर ताई फुटाळ्याला चालेल कशी? तिला जिना चढताना धाप लागायची, तीही वजनाच्याच खात्यात टाकली. आणि डॉक्टरसाहेब, तुमचा २३ चा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. गोऱ्यांचा आकडा आपल्याला जसाच्या तसा चालत नाही, असंच ना? मग बारीक माणसाची शुगर आणि जाड बाईचा रक्तस्राव, दोन्ही काट्यावर कसे कळतील?

मेडिकल_चौक_डॉक्टर : कमरेचा घेर सगळ्यांचा मोजायला हवा, आम्ही मोजत नाही, हे कबूल. पण ओपीडीची रांग बघा. बाईला तपासायचं तर पडदा हवा, सोबत सिस्टर हवी. काटा दारातच असतो.

धरमपेठची_धाकटी : सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला पडदा लागत नाही, सिस्टरही लागत नाही. तीसुद्धा तिघांपैकी एकानंही लिहिली नाही.