गुकेश-डिंग १४वा गेम: हत्ती बदलला तर हरला कसा?

म्हापसेकर: सिंगापूरचा तो २०२४च्या जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाचा शेवटचा गेम काल परत पाह्यला, ५५व्या चालीत डिंगने हत्ती एफ२ या घरात आणला, हत्तीला हत्ती, मग हरला कसा? मला तर ड्रॉच वाटत होता.

फोंड्याचा उंट: अरे डिंगचा उंट बघ ना, ए८च्या कोपऱ्यात! हत्ती गेले की गुकेशने उंट डी५वर ठेवला, उंटांची मारामारी टाळताच येत नाही, मग उरतात राजे, प्यादी आणि त्यात गुकेशचं एक प्यादं जादा. ५८ चालीत संपलं, गुकेश ७.५-६.५ने जिंकला. ड्रॉ झाला असता तर टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचे जलद गेम, होता.

डिचोलीकर: १८ वर्षांचा पोरगा बोर्डावरच रडला, आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरले. पण डिंगसाठीपण जीव तुटला रे, १४ गेम लढला तो.

म्हापसेकर: आत्ता कळलं, कोपऱ्यातल्या उंटाकडे लक्षच नव्हतं.