आठ महिन्यांच्या बाळाला पूर्ण भूल: मेंदूला जपायचं कसं?

कृष्णाकाठ, सांगली:
मुलगा आठ महिन्यांचा आहे. रडला की उजव्या जांघेत बोराएवढी गाठ येते, निजला की आत जाते. हर्निया आहे, पुढच्या आठवड्यात मिरजेत ऑपरेशन. भुलीच्या औषधांनी लहान मुलांच्या मेंदूतल्या पेशी मरतात असं वाचल्यापासून झोप उडालीय. सासूबाई म्हणतात, तीन वर्षांचा होऊ दे. घरच्यांनी मेंदूचं टॉनिकही आणलंय. देऊ का?

भूलतज्ज्ञ_सातारा:
ताई, वाचलंत ते खोटं नाही. 2003 साली सात दिवसांच्या उंदरांच्या पिल्लांना सहा तास भूल दिली, तेव्हा मेंदूत पुष्कळ पेशी मेलेल्या दिसल्या. त्या वयात पेशींची एकमेकींशी जोडणी चालू असते. भुलीने त्यांचे संदेश फार वेळ थांबले, तर काही पेशी स्वतःच मरतात. पण पिल्लाचे सहा तास आणि बाळाचा तासभर ही तुलना होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये इशारा दिला तोही तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल.

हर्नियाच्याच 722 तान्ह्या बाळांचा सात देशांत अभ्यास झालाय. काहींना पूर्ण भूल, साधारण तासाभराची. बाकीच्यांना जागेपणी फक्त कमरेखालची. पाचव्या वर्षी बुद्ध्यांकात फरक निघाला नाही. ती बाळं तर तुमच्या बाळापेक्षाही लहान होती.

थांबू मात्र नका. आतडं अडकलं तर रात्री-अपरात्री धावपळीत ऑपरेशन करावं लागेल, त्यात धोका जास्त.

टॉनिक नको. डेक्समेडेटोमिडीनसारख्या गुंगीच्या औषधांनी उंदरांच्या पिल्लांच्या पेशी वाचल्याचं दिसलंय, पण घरी पाजून मेंदू वाचेल असं एकही औषध नाही. मेंदू जपला जातो टेबलावर: ऑक्सिजन, रक्तदाब, साखर, अंगाची ऊब सांभाळून. म्हणून भूलतज्ज्ञांना आधी भेटा. तान्ह्या बाळांना नेहमी भूल देता का, हे सरळ विचारा. माकडहाडापाशी बधिरतेचं इंजेक्शन देणार का, हेही विचारा. त्याने भुलीचा गॅस कमी लागतो.

मिरजेची_आई:
उपाशी ठेवण्याच्या वेळा लिहून घ्या गं. आम्हाला आठला बोलावलं आणि साडेअकराला आत नेलं. लेक पहाटे चारपासून उपाशी, रडून रडून घसा बसला. अंगावरचं दूध चार तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे मला नंतर कळलं. पहिला नंबर मागून घे.

कृष्णाकाठ, सांगली:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. आतडं अडकण्याचं ऐकून त्याच म्हणाल्या, तारीख बदलू नको. टॉनिक परत केलं. सोमवारी भूलतज्ज्ञांना भेटते, मग इथे लिहिते.