मदत हवी आहे : हात निवांत असतानाही बायोफीडबॅकचा आकडा खाली येत नाही

रामटेककर : अर्धांगवायूनंतर बाबांच्या उजव्या मनगटासाठी आम्ही स्नायूंचे बायोफीडबॅक यंत्र घरी आणले आहे. त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडांमधून (लहान चकत्या) ते स्नायूतली सूक्ष्म वीज मोजून आकडा आणि पट्टी पडद्यावर दाखवते. दवाखान्यात हात सैल सोडला की आकडा तीन-चार मायक्रोव्होल्टवर येत असे. घरी मात्र तो चाळीसच्या खाली उतरत नाही, त्यामुळे मनगट उचलले काय आणि न उचलले काय, पडद्यावरची पट्टी सारखीच राहते आणि बाबा पाच मिनिटांत हात मागे घेतात. इलेक्ट्रोड दोनदा बदलून झाले. कृपया लवकर सांगावे.

धंतोली_फिजिओ : यंत्र बॅटरीवर चालते की लॅपटॉपला जोडलेले आहे? लॅपटॉपचा चार्जर लावलेला असतो का? पलंगाजवळ कूलर आहे का? तिसरा इलेक्ट्रोड कोठे लावता?

सर्किटवाला : एवढ्या चौकशीची गरज नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, तिचाच गोंगाट आकड्यात मिसळत असणार. सॉफ्टवेअरमध्ये त्या वारंवारितेचा नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारिता गाळणारा) सुरू करा.

धंतोली_फिजिओ : मला हे पटत नाही. त्वचेवरून मिळणारा स्नायूंचा संदेश साधारण 20 ते 500 हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे या फिल्टरने बाबांच्या आधीच क्षीण असलेल्या संदेशाचाही काही भाग कापला जाईल, आणि विजेचाच 150 हर्ट्झचा (50च्या तिप्पट) गोंगाट तसाच उरेल. आधी गोंगाट आत येण्याची वाट बंद करावी.

सावनेरची_लेक : आमच्या सासूबाईंना आरशासमोर व्यायाम केल्याने पुष्कळ फरक पडला. तोही करून पाहावा.

रामटेककर : ताई, व्यायाम सुरूच आहेत, प्रश्न यंत्राचा आहे. लॅपटॉप चार्जरवरच असतो. पलंग खिडकीतल्या कूलरला लागून आहे आणि या उन्हाळ्यात तो बंद ठेवणे शक्य नाही. तिसरी काळी वायर कशासाठी आहे हे न कळल्याने ती गुंडाळून ठेवली आहे.

धंतोली_फिजिओ : हेच पहिल्या संदेशात लिहायला हवे होते. दोन्ही इलेक्ट्रोडांवर समान येणारा विजेचा गोंगाट यंत्र वजा करते, पण त्यासाठी त्याला तिसरा संदर्भबिंदू लागतो. यंत्राच्या पुस्तिकेत पाहून तो कोपराच्या हाडावर लावावा. स्नायूवरचे दोन इलेक्ट्रोड केंद्रापासून केंद्रापर्यंत सुमारे 2 सेंटिमीटर अंतरावर, स्नायूच्या तंतूंच्या दिशेने असावेत. त्वचेवरचे केस काढून, ती स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, कारण एक इलेक्ट्रोड नीट चिकटला आणि दुसरा सैल राहिला तर वजाबाकी अपुरी होते.

महाल_वायरमन : घराची अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते. तोवर हाताला तार बांधून ती नळाला जोडली तरी चालेल.

सर्किटवाला : असे मुळीच करू नका! अंगाला थेट अर्थ जोडल्यास कुठेही गळती झाली की विजेचा प्रवाह शरीरातून जाईल. फिल्टरविषयी मतभेद असले तरी या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. यंत्राची स्वतःची वायर लावा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

रामटेककर : आज पहाटे सहा वाजता, कूलर दहा मिनिटे बंद ठेवून, काळी वायर कोपरावर लावली, चार्जर काढला आणि वायरी एकत्र करून चिकटपट्टीने हाताला बांधल्या. आकडा सहावर आला. कूलर सुरू केल्यावर तो नऊ झाला, म्हणून पलंग समोरच्या भिंतीकडे सरकवणार आहे. बाबांनी मनगट जरासे उचलले तेव्हा पट्टी प्रथमच वर गेली, आणि त्यांनी आपण होऊन आणखी चार वेळा ते उचलले.